प्रश्न तुमचे : ‘सारखा’ दिसला की उपमा?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांच्या व्याख्या तोंडपाठ, पण वाक्य समोर आलं की गडबडते. ‘सारखा, प्रमाणे म्हणजे उपमा, जणू, वाटे म्हणजे उत्प्रेक्षा’ अशी खूण शिकवणीत सांगितली आहे. तरी चुकतं. काय करावं?
– एक पालक, परळ

उत्तर : खूण खोटी नाही, अपुरी आहे. तिच्यापुढे तीन वाक्यं ठेवा : ‘बाळ सारखं रडतंय’, ‘सांगितल्याप्रमाणे कर’, ‘मावशीप्रमाणे आईसुद्धा नर्स आहे’. खुणेच्या भरवशावर बसलेलं मूल तिन्हींना उपमा म्हणतं. पहिल्यात ‘सारखं’ म्हणजे सतत, दुसऱ्यात तुलनाच नाही, तिसऱ्यात नुसती माहिती आहे. तसंच ‘मला वाटतं, आज पाऊस पडेल’ हा अंदाज झाला, उत्प्रेक्षा नव्हे.

म्हणून अलंकाराचं नाव शेवटी. आधी तीन प्रश्न, याच क्रमाने : बोलणं कशाबद्दल चाललंय? त्याला कशाची जोड दिली आहे? कोणत्या गुणापुरती? पहिल्याचं उत्तर उपमेय, दुसऱ्याचं उपमान, तिसऱ्याचं साधारण धर्म. क्रम न पाळता मुलं वाक्यात आधी येईल ते उपमेय धरतात आणि ‘कापसासारखी मऊ इडली’ यात कापसाला उपमेय करून मोकळी होतात. बोलणं इडलीचं आहे. तिसरा प्रश्न तर घरोघरी गाळला जातो. ‘आजोबा फणसासारखे आहेत’ यात गुण लिहिलेलाच नाही, तो मुलीने सांगायचा. बाहेरून काटेरी, आतून गोड, हे तिच्या तोंडून आलं की उपमा कळली असं समजा.

भेद पक्के करायला एकच कल्पना फिरवून लिहायला लावा. सकाळची लोकल घ्या.
उपमा : लोकल मधाच्या पोळ्यासारखी गजबजली होती.
उत्प्रेक्षा : लोकल म्हणजे जणू मधाचं पोळंच.
रूपक : लोकलच्या पोळ्यातून दादरला माणसं भणभणत बाहेर पडली.
व्यतिरेक : लोकल मधाच्या पोळ्याहूनही गजबजलेली होती.

उपमेत दोन गोष्टी वेगळ्या राहतात, उत्प्रेक्षेत एक म्हणजे जणू दुसरीच अशी कल्पना होते, रूपकात भेदच मिटतो आणि व्यतिरेकात उपमेय वरचढ ठरतं. लोकल आणि पोळं बदलू देऊ नका. प्रत्येक अलंकाराला नवं उदाहरण दिलं की मूल उदाहरण पाठ करतं आणि परीक्षेत वेगळं वाक्य आलं की अडतं. रोज एक विषय, दहा मिनिटं, आठवडाभर. पुढच्या आठवड्यात तिने वाक्य करायचं आणि तुम्ही ओळखायचं. मधूनच मुद्दाम चुकीचं नाव सांगा. तुमची चूक पकडताना ती कारण देते, आणि कारण देता येणं हीच खरी तयारी.

प्रश्न : सहावीतला मुलगा निबंधात ‘चंद्रासारखा चेहरा’, ‘मोत्यासारखे दात’ यापलीकडे जात नाही. आता सांगितलं म्हणून प्रत्येक ओळीत अलंकार कोंबतो.
– वाचक, डोंबिवली

उत्तर : चंद्र, कमळ, मोती आणि सिंह यांना महिनाभर सुट्टी द्या. मग समोरची एक वस्तू घ्या, समजा दारात टांगलेली ओली छत्री. आधी तुलना नाही; फक्त तीन गुण लिहायचे. काळी आहे, उलटी लोंबते, काड्यांवर कापड ताणलंय. आता हे गुण आणखी कशात दिसतात? पहिलं सुचलेलं खोडायचं, दुसरं-तिसरं ठेवायचं. ‘छत्री ओल्या वटवाघळासारखी लोंबत होती’ इथवर सहावीतलं मूल सहज पोचतं, कारण गुण त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतात.

बिघडतं ते गुण न जुळल्यामुळे. ‘पाऊस आईच्या मायेने कोसळत होता’ या वाक्यात माया आणि कोसळणं एकमेकांना धरून नाहीत. लाल फुली मारण्याऐवजी समासात ‘कशात सारखं?’ एवढंच लिहा, पुढचं तो बघेल. प्रमाण म्हणाल तर पंधरा ओळींच्या निबंधात दोन अलंकार पुष्कळ झाले.

चेतनगुणोक्तीत एक पथ्य. ‘गाडी धावली’ हे रोजचं बोलणं आहे. ‘गाडीने दादरला दम खाल्ला आणि पुन्हा धावली’ म्हटल्यावर निर्जीव गाडी सजीवासारखी वागू लागते. अतिशयोक्तीला कसोटी एकच : हे खरंच घडू शकेल का? दादर स्टेशनवर ‘हजारो माणसं होती’ ही अतिशयोक्ती नाही, साधी मोजदाद आहे. ‘गर्दीत खिशातला रुमाल काढेपर्यंत कल्याण आलं’ ही अतिशयोक्ती.

प्रश्न : श्लेष आणि अनुप्रास कधी सुरू करावेत?
– शिक्षिका, गोरेगाव

उत्तर : अनुप्रास अगदी लवकर, पहिली-दुसरीतही, पण कानाने. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणून घ्या. नाव सांगायची घाई नको. पुढच्या वर्गातली मुलं अक्षरं मोजत बसतात, तिथेही वाक्य मोठ्याने वाचून घ्या. तेच अक्षर पुन्हा पुन्हा येऊन नाद ऐकू आला तर अनुप्रास. श्लेषात मात्र एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात; त्याला शब्दसाठा लागतो, म्हणून तो सातवीनंतर. ‘मेगाब्लॉक संपला आणि मुंबईची गाडी रुळावर आली’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि दोन्ही अर्थ दोन वेगळ्या मुलांकडून काढून घ्या. एकालाच विचारलं तर तो पहिल्या अर्थावरच थांबतो.