मे महिन्यात कळसूबाई? जा, पण पहाटेच निघा

मे महिन्यात ग्रुपने कळसूबाई शिखर चढायचा तुमचा बेत छान आहे, मोडू नका. पहिलीच वेळ आहे म्हणून मोजकंच सांगतो. काठ्या, सॅक, जीपीएस हे सगळं नंतर बघू.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. शिखर १६४६ मीटर उंच, पायथ्याच्या बारी गावातून चढायला नवख्यांना तीन-चार तास लागतात आणि वाटेत सावली फार थोडी. सकाळी घरून निघून दहाला पायथ्याशी उगवणारे ग्रुप दर उन्हाळ्यात दिसतात. ऐन बाराला हे लोक लोखंडी शिड्यांवर असतात आणि कठडा इतका तापलेला असतो की हात टेकवत नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री बारीत मुक्काम करा, पाचला चालू लागा, दहाच्या आत उतरायला सुरुवात.

बाकी:

- पाणी माणशी तीन लिटर, ज्याचं त्याच्या पाठीवर. वाटेत ताक-सरबत मिळालं तर जरूर प्या, पण त्याच्या भरवशावर निघू नका.
- कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. फोड येतातच.
- सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. हे कुणी ऐकत नाही, मग मागचा एकटा पडतो.
- कुणाला गरगरलं, मळमळलं की सावलीत बसवा, घोट घोट पाणी पाजा आणि बरं वाटल्यावर सगळेच खाली या. ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणून ओढत नेऊ नका.

उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीच्या घसरड्या उतारावर, पाऊल आडवं टाका, घाई नको. करवंदाच्या जाळ्या दिसल्या तर काळीच तोडा, कच्च्याचा चीक बोटांना चिकटतो.