आखाजी करावी की नाही?

"मॅडम, माहेरच माझ्या घरात खाटेवर पडलंय. आता आखाजीला जाऊ कुठे?"

आखाजी म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण. ताईंनी हे हसत सांगितलं आणि मग बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसल्या. पन्नाशीला आलेल्या, शाळेत शिक्षिका, भाऊ नाही. वडिलांची, म्हणजे अप्पांची, मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आईला पक्षाघात झालेला, उजवी बाजू गेली, गिळायलाही त्रास. दोघांना त्यांनी आपल्या घरी, म्हणजे सासरच्या घरी आणलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सुरतला दिलेल्या धाकट्या बहिणीने हट्ट धरला होता, आखाजीला येणारच. ताईंना वाटत होतं, घरात हे असं असताना झोके कसले बांधायचे, लोक काय म्हणतील? आणि काहीच केलं नाही, आणि हीच शेवटची आखाजी असली तर?

सण जवळ आला की हा प्रश्न घेऊन कुणीतरी येतंच. कधी कानबाईच्या आधी, कधी दिवाळीच्या. आखाजीला तो जास्त बोचतो, कारण खान्देशात हा लेकींचा सण. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचंसुद्धा साल आखाजीला संपतं, हिशेब होतो, नवं ठरतं. घरात आजारी माणूस सांभाळणारीचं साल मात्र कधी संपत नाही.

मी आधी चुकले. कामं कमी करायची यादी करून दिली. कुरडया-पापड विकत आणा, सांजोऱ्या शेजारणीकडून करून घ्या, खापरावरचे मांडे यंदा नकोत. यादी बरी होती. पुढच्या आठवड्यात ताई आल्या त्या आणखीच ओढलेल्या. कामं कमी झाली होती, झोप काही लागत नव्हती. तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं, "अप्पा काय म्हणतात?"

ताई गप्प. मग म्हणाल्या, डायलिसिसहून परत येताना रिक्षात अप्पांनी विचारलं होतं, "माय, पुढला आखाजीले मनी घागर कोन भरी?" (पुढच्या आखाजीला माझी घागर कोण भरेल?)

ताईंनी काय उत्तर दिलं? "अशुभ बोलू नका अप्पा." विषय तिथेच संपला, आणि त्या रात्रीपासून झोप उडाली.

आपल्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात. पाण्याने भरलेली मातीची घागर, वर डांगर (खरबूज), सांजोरी. उंबरठ्यावर पूर्वजांचं नाव घेत कुंकवाची बोटं ओढायची. हे काम मुलाचं, असं गृहीत धरलेलं. अप्पांना दोन्ही मुलीच. शिवाय आता ते जावयाच्या घरात, तिथे घागर जावयाच्या पितरांची. सण करायचा की नाही, यावर घरात महिनाभर वाद चालला होता. म्हातारा मात्र वेगळंच विचारत होता, आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

मी ताईंना एवढंच सांगितलं, मरणाची गोष्ट त्यांनी काढली आहे, तुम्ही नाही. तुम्ही तोंड फिरवलंत तर ते एकटेच तिचा विचार करत राहतील. उत्तर तयार नसेल तर "अप्पा, तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचारा.

विचारायला त्यांना चार दिवस लागले. अप्पा म्हणाले, घागर तूच भर, पण नावं तुला कुठे ठाऊक आहेत? मग रोज संध्याकाळी अप्पा नावं सांगू लागले आणि ताई शाळेच्या जुन्या वहीत लिहू लागल्या. यजमानांना विचारलं, आमची एक घागर शेजारी ठेवू का? ते म्हणाले, "त्यात विचारायचं काय?" (हे दरवेळी इतकं सोपं होत नाही, हेही सांगून ठेवते.)

बाकीचं मग झरझर झालं. डायलिसिस सणासाठी चुकवायचं नसतं, पण केंद्रावर पंधरा दिवस आधी सांगितल्याने ते आदल्या दिवशी मिळालं. आंब्यात पोटॅशियम भरपूर, त्यामुळे आमरसाचं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी अप्पांपुरती दोन चमच्यांची मुभा दिली. तुमच्या रुग्णाचं तुम्ही तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आईला ताठ बसवून, जमेल तेवढं घट्टसर, लहान लहान घासांनी भरवलं. धाकटीला ताईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, ये, पण रात्रीची पाळी तुझी. माहेरवाशिणीला असं सांगताना जीभ अडखळली म्हणे. धाकटी आठ दिवस राहिली, आणि ताई तीन दुपारी गाढ झोपल्या.

सगळं गोड झालं असं नाही. धाकटीने अप्पांना चोरून वाटीभर रस दिला, त्यावरून दोघी जोरात भांडल्या. झोका बांधला, पण शेजारच्या मुलींनीच घेतला. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात, आजारामुळे स्वतःला पाणी मोजून मिळत असताना, अप्पा भरलेल्या घागरीकडे बराच वेळ बघत बसले, हे सांगताना ताईंचा आवाज फाटला. मीही काही बोलले नाही.

नंतर भेटल्या तेव्हा वही सोबत आणली होती. पणजोबांपर्यंतची नावं आहेत, बायकांचीही. पणजोबांच्या आईचं नाव तेवढं अप्पांना आठवत नाही. शिरपूरकडे एक चुलत आत्या आहे, नव्वदीची. या रविवारी तिला फोन लावणार आहेत.