डायलिसिसच्या बाकावर स्तोत्र १३

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. तुझ्या रजा संपत आल्यात. त्यात रविवारी उपासनेनंतर कुणीतरी म्हणालं, "असं तोंड पाडून काय बसतेस, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करायचा असतो." आता तू विचारतेस, आनंद वाटत नाही म्हणजे विश्वास गेला का? विश्वास गेलेला नाही. तुला धड रडू दिलेलं नाही, एवढंच झालंय.

ते वचन बायबलमधल्या ज्या पत्रातलं आहे ते प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र आज रात्री सलग वाचून काढ. चारच अध्याय आहेत, अर्धा तासही लागणार नाही. पौल बंदिवासात आहे आणि आनंदाचा शब्द या ना त्या रूपात पंधराएक वेळा येतो. पण दुसऱ्या अध्यायात त्याचा सोबती एपफ्रदीत आजारी पडून मरायला टेकला होता ते येतं, आणि पौल सरळ लिहितो की देवानं त्याच्यावर दया केली नसती तर मला दुःखावर दुःख झालं असतं. तिसऱ्या अध्यायात तो काही लोकांबद्दल रडत रडत लिहितोय. चौथ्यात म्हणतो, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो, म्हणजे आधी येत नव्हतं. तोंड पाडून बसू नकोस म्हणणाऱ्यांनी तेवढी वचनं वगळून वाचलेली असतात.

आता करायचं काय ते सांगतो. बाबांना मशीनला लावलं की पहिला अर्धा तास सिस्टरांची ये-जा असते, तेव्हा काही करायला जाऊ नकोस. मशीन लयीत फिरायला लागलं आणि बाबांचा डोळा लागला की बाहेर बाकावर येऊन बस. वही काढ आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ उघड. सहाच वचनं आहेत, पण त्यांची बांधणी बघण्यासारखी आहे. पहिल्या दोनांत तक्रार आहे. "कुठवर" हा प्रश्न तिथं चार वेळा विचारलाय. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गाणं. तुझं स्तोत्र याच क्रमानं लिही. तक्रारीला दहा मिनिटं दे, मागण्याला तीन, भरवशाला दोन. हे प्रमाण उलटं करू नकोस.

लोक चुकतात ते इथंच. तक्रारीचं एक वाक्य कसंबसं लिहायचं, "तरी तुझी इच्छा पूर्ण होवो" म्हणायचं आणि वही मिटायची. पोटात राहिलेलं मग रात्री आईवर चिडण्यातून बाहेर पडतं. तक्रार मोघमही नको. "प्रभू, फार कठीण दिवस आहेत" हे लिहून हाताला काही लागत नाही. "बाबा पाण्यासाठी तरसतात आणि मला पेला मोजून द्यावा लागतो, हे तू बघतोस ना?" असं लिही. मागणंही तसंच नेमकं हवं: परवाच्या खेपेला रक्तदाब एकदम खाली येऊ नये, साहेबांनी पाळी बदलून द्यावी. पाचवं वचन एखाद्या दिवशी लिहवणारच नाही. मग तेवढी जागा कोरी सोड. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे. त्या दिवशी तुझंही तिथंच संपू दे.

येशूनंही वेगळं केलं नाही. मेलेल्या लाजाराला उठवणार हे ठाऊक असून त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. गेथशेमाने बागेत त्यानं तीन शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, आणि एकच मागणं तीन वेळा केलं. तेच तेच मागणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणालं तर त्यांना ही बाग दाखव.

शरीराचं ऐक. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं प्रवचन केलं नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देव त्याच्याशी बोलला तो पुढं, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. तू डायलिसिसच्या दिवशी चहा-बिस्किटावर दिवस काढतेस असं लिहिलंयस. डबा ने. तुला वाटणारी "देव दूर गेल्याची" निम्मी भावना दुपारी तीनची भूक असेल. आणि बाबांच्या बरं होण्यासाठी उपवास धरायचा विचार डोक्यातून काढ. बाबांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचं जेवणही टाळू नये.

रात्री झोपण्यापूर्वी उपकारस्तुतीच्या तीन ओळी लिही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात "सर्व स्थितीत" उपकारस्तुती करा असं आहे. स्थितीबद्दल नाही, स्थितीत. किडनी गेली म्हणून आभार मानायचे नाहीत. पण "आज फिस्टुलात (डायलिसिससाठी हातावर तयार केलेल्या शिरेत) सुई पहिल्या टोचणीत बसली", "शेजारच्या खाटेवरच्या काकांनी बाबांना हसवलं", "वजन ठरल्यापेक्षा जास्त वाढलं नव्हतं", हे लिही. "आरोग्य, कुटुंब, तुझी कृपा" असल्या ओळी चार दिवसांत यांत्रिक होतात आणि पाचव्या दिवशी वही बंद पडते. खरा आनंद असा कणाकणानं येतो आणि बऱ्याचदा येऊन गेल्यावरच कळतो.

गाणं मात्र आवडतंय तेच घे. ना. वा. टिळकांची पदं तुम्हा सगळ्यांना पाठ आहेतच. एकाची दोन कडवी पुरेत, हळू आवाजात, बाबांना घरी आणताना. पौल आणि त्याचा सोबती सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते तेव्हा त्यांचे पाय खोड्यात होते आणि पाठीवरचे फटके ताजे होते. त्यांचा सूर फार चांगला लागला असेल असं मला वाटत नाही.

आता मंडळीबद्दल. लोक प्रेमानं येतात आणि शहाळी घेऊन येतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. ते साठलं की बाबांच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. केळी, संत्र्याचा रस, सुकामेवा यांचंही तेच. पाळकसाहेबांना सांगून रविवारच्या सूचनांत हे स्पष्ट जाहीर करून घे, म्हणजे तुला दारात कुणाला नाही म्हणावं लागणार नाही. डायलिसिसच्या संध्याकाळी बाबा गळून गेलेले असतात. घरगुती प्रार्थना त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांची पुरे. आणि "काही लागलं तर सांग" असं कुणी म्हणालं की लगेच सांग: शनिवारी चार तास बसाल का? रिक्षाचं भाडं द्याल का? पौलाचं ते आनंदाचं पत्र एका अर्थी पैसे पोचल्याची पावतीच आहे. फिलिप्पैकरांनी त्याला एकदा नाही, पुनःपुन्हा मदत पाठवली होती आणि त्यानं ती न लाजता घेतली.

एका गोष्टीत मात्र मऊ राहू नकोस. कुणी प्रार्थनेला येऊन म्हणालं की "बरे झालात, विश्वासानं आता मशीन सोडा", तर त्यांना नम्रपणे दारापर्यंत सोडून ये. ज्याच्या किडन्या निकामी झाल्यात त्याच्या डायलिसिसच्या खेपा बुडल्या की अंगात पाणी साचतं, दम लागतो, जीव जातो. "बी पेरा, शंभरपट मिळेल" म्हणून कर्जातले पैसे मागणाऱ्यांनाही तोच दरवाजा. घरात कुणाचं तरी पाप असेल असं सुचवणाऱ्यांसाठी योहान ९ आहे; जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं आणि येशूनं ते साफ नाकारलं.

खर्चाचं बघितलंस का? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचे मदतनीस बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे जा. जिल्हा रुग्णालयात २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली गरिबांना मोफत सोय असते, तिथंही विचार. असे अर्ज भरणं हे विश्वासाच्या विरुद्ध नाही.

आणि तुझं स्वतःचं. दोन आठवडे सलग झोप उडाली, कशातच मन लागेना किंवा जगू नये असं वाटलं, तर वही-स्तोत्रावर भागवू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं. पाळकसाहेबांनाही सांग, पण डॉक्टरऐवजी नव्हे, डॉक्टरसोबत.

शनिवारी बसायला कोण मिळालं ते कळव. आणि तक्रारीचं पान मला दाखवायची गरज नाही, ते माझ्या नावानं लिहिलेलं नाही.

बाबांना सलाम सांग.

तुझा,
काका