घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही

प्रिय मित्रा,

पत्रास कारण की, परवा रात्री फोनवर तू बोलत होतास आणि मी नुसतं ‘हं, हं’ करत राहिले. तुला राग आला होता, मला झोप आली होती. नंतर मलाच ते बरं वाटलं नाही, म्हणून आता सावकाश लिहिते.

तुझी तक्रार थोडक्यात अशी. रात्री जागून जीएमटीके जॅमसाठी, म्हणजे दिलेल्या थीमवर चार दिवसांत गेम करायच्या ऑनलाइन स्पर्धेसाठी, गेम केलास, ‘लूप’ या थीमवर अख्ख्या जॅममध्ये कुणाला सुचली नसेल अशी कल्पना (शब्द तुझेच) लढवलीस, आणि पदरात काय पडलं? नऊ रेटिंग्ज. तिघांचं ‘नाइस गेम’. आणि एकाने लिहिलं, दुसऱ्या खोलीच्या पुढे जाता आलं नाही, सोडून दिला. त्या एकाला तू उत्तर दिलंस. ते मी वाचलं. वाचायला मला फोनवर तीनदा बोट सरकवावं लागलं.

उत्तरात सगळं नीट समजावलं आहेस. खेळणारा ज्याला चालवतो त्या रखवालदाराची फेरी तीस सेकंदांची असते, ते भिंतीवरच्या घड्याळात दिसतं. फेरी संपली की तो पुन्हा पहिल्या खोलीत येतो, पण खडूने केलेली खूण तशीच राहते. म्हणून आधी खूण करायची, मग दार. अगदी बरोबर आहे. पण हे सगळं त्याला गेमने सांगायला हवं होतं आणि सांगितलं तू, तेही तो उठून गेल्यावर. तुझ्या उत्तरातल्या प्रत्येक ‘अहो, पण तिथे असं करायचं असतं’खाली पेन्सिलने रेघ मार. गेममध्ये नेमकं काय राहिलंय त्याची यादी आपोआप तयार होईल. त्या माणसाने तुला ती फुकट दिली आणि तू त्याच्याशी भांडलास.

रागावू नकोस. मी याहून वाईट वागले आहे.

२०१७ च्या एप्रिलमधली गोष्ट. लुडम डेअर या अशाच एका जॅमची ३८ वी फेरी, थीम होती ‘छोटंसं जग’. मी ४८ तासांच्या, एकट्याने करायच्या गटात होते. पडद्याच्या मधोमध एक गोल, चिमुकला ग्रह. त्यावर एक माळी चालतो आणि रोपांना पाणी घालतो, एवढाच गेम. उजवा बाण दाबला की माळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालायचा. ग्रहाच्या वरच्या अंगाला हे झकास चालायचं. तो चालत चालत खालच्या अंगाला गेला की मात्र उजवा बाण दाबल्यावर पडद्यावर डावीकडे जाताना दिसायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. दोन दिवस तेच खेळून माझी बोटं सरावली होती.

कॉमेंट्स आल्या. अकरा जणांनी तेच लिहिलं, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. कुणी म्हणे, खाली गेल्यावर बाण उलटे कर. कुणी म्हणे, माउसने चालव. ग्रह अर्धाच दाखव, माळ्याचा वेग कमी कर, ग्रह मोठा कर. एकाने तर मला गणित लिहून पाठवलं होतं. मी काय केलं असेल? बाण उलटे करण्यातली अडचण त्या माणसाला सविस्तर समजावून सांगितली: ग्रहाच्या बरोबर बाजूला उभं असताना बाण दाबून धरला तर माळी जागच्या जागी थरथरेल. हे खरंच होतं. एकेकाचं औषध असं खोटं पाडत गेले आणि रोग तसाच राहिला.

माळ्याबरोबर कॅमेरा फिरवला असता तर माळी कायम वरच्या अंगालाच दिसला असता आणि भानगडच मिटली असती. हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. पण पार्श्वभूमीला मी हाताने एकेक पिक्सेल ठेवून चांदण्या काढल्या होत्या. कॅमेरा फिरला की त्या खडबडीत दिसायच्या, म्हणून मी तो फिरवला नाही. अकरा माणसांची गैरसोय माझ्या चांदण्यांपायी. हे तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, आज तुला सांगते आहे.

तेव्हापासून मी एवढंच पाळते. लोक ‘इथे अडलो’ म्हणतात ती जागा बहुतेक वेळा खरी असते. ‘इथे असं कर’ म्हणतात ते मात्र बहुतेक वेळा सोडून द्यायचं असतं. त्यांना तुझा कोड माहीत नाही, तुझ्या चांदण्या माहीत नाहीत, पण आपण कुठे चिडलो ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नसतं. ‘उडी नीट लागत नाही’ हे तू शंभरदा ऐकशील. त्यावर कुणी उडी उंच कर म्हणेल, कुणी गुरुत्वाकर्षण कमी कर म्हणेल. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की माणूस कड्यावरून निसटल्यावर पापणी लवेल इतक्या उशिरा बटण दाबतो. तुला आवडतो त्या सेलेस्ट या उड्या मारायच्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत दाबलेली उडी मान्य होते. खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, त्याला वाटतं आपण फार चपळ आहोत.

आता सासूबाईंची गोष्ट. त्याच माळ्याच्या गेमची आहे. जॅम संपल्यावर एका दुपारी त्या चष्मा पुसत माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘बघू तरी, रात्रभर काय खटखट चालली होती.’ तेव्हा त्या ६८ वर्षांच्या. मी त्यांना बाण दाखवले. माळी चालला, दोन रोपांना पाणी घालून झालं आणि ग्रहाचा उतार लागला तसं त्यांनी बोट उचललं. परत मागे. पुन्हा उतारापर्यंत, पुन्हा मागे. असं चार वेळा झालं. शेवटी मी न राहवून म्हटलं, ‘आई, जा की पुढे.’ तर म्हणाल्या, ‘अगं, पडेल ना तो.’

अकरा कॉमेंट्समध्ये हे नव्हतं. असणार कसं? जॅममध्ये तुझा गेम खेळणारे बहुतेक जण स्वतः गेम करणारे. छोट्या गोल ग्रहावर पावलं चिकटून राहतात हा संकेत त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. सासूबाईंना तो ठाऊक नव्हता आणि माझ्या गेमने सांगितला नव्हता. उताराच्या जरासं पलीकडे एक पिकलेलं फळ ठेवलं असतं तरी त्या गेल्या असत्या. आणि ‘जा की पुढे’ म्हणून मी तो शोध जवळजवळ बुडवलाच होता, हे विसरू नकोस. गेम करणाऱ्याने शेजारी बसावं, पण तोंडात गुळणी धरून. तुझा हात कीबोर्डकडे जायला लागला की त्याच हाताने वहीत वेळ टिपून ठेव.

आता दुसरी बाजू, तू लोकांना काय लिहितोस ती. मी बघितलं. बेचाळीस गेम्सखाली तू ‘छान गेम, माझाही खेळून बघा’ लिहिलं आहेस. आमच्याकडे लग्नात आहेराची वही ठेवतात, कुणी किती घातले आणि आपण परत किती घालायचे ते लिहायला. तसाच हिशेब झाला हा. यामागचं कारण मला कळतं. इच डॉट आयओ या गेम्सच्या वेबसाइटवरच्या जॅममध्ये सरासरी गुणांना कात्री लागते. जॅममधल्या गेम्सना मिळालेल्या रेटिंग्जचा जो मध्यांक (सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येणारा) असेल त्याच्यापेक्षा तुझी रेटिंग्ज कमी असली, तर त्या दोहोंच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेऊन तुझ्या सरासरीला गुणतात. समजा मध्यांक १६ आणि तुझी रेटिंग्ज ९, तर पाऊण पट. सरासरी चार असली तरी हातात तीनच येतात. लुडम डेअरमध्ये तर किमान २० जणांनी रेटिंग दिल्याशिवाय क्रमांकच लागत नसे. दोन-चार मित्रांच्या पाच ताऱ्यांवर कुणी पहिलं येऊ नये म्हणून ही व्यवस्था, आणि ती योग्यच आहे. पण तिच्यापायी सगळे मतं गोळा करत दारोदार फिरतात. दाराशी येणारा प्रत्येक जण आत डोकावल्यासारखं करतो आणि ‘वा, वा’ म्हणून पुढच्या दाराला जातो.

बेचाळीसऐवजी दहा गेम खेळ. पण खरोखर खेळ आणि उठल्या उठल्या लिही, तासाभराने नको. परवा मी एका अनोळखी मुलीच्या गेमखाली लिहिलं ते मराठीत असं होईल: ‘दिवा खाली ठेवता येतो हे मला पहिली दोन मिनिटं कळलं नाही, एक्स चुकून दाबला गेला तेव्हा कळलं. मग दिवा ठेवून अंधारात पळायला इतकी मजा आली की दोनदा मुद्दाम मेले. कोळ्याचा आवाज हेडफोनमध्ये फार मोठा आहे, मी हेडफोन काढून टाकले. सातव्या लेव्हलला पंधरा-एक वेळा मेल्यावर थांबले, पण मेले तेव्हा दर वेळी चूक माझीच वाटली.’ यात ‘असं करायला हवं होतं’ एकदाही नाही. मी काय केलं, मला काय वाटलं आणि मी कुठे उठले, एवढंच आहे. शेवटचं वाक्य कौतुकाचं वाटेल तुला. मी ते माहिती म्हणून लिहिलं होतं. अवघड आणि अन्यायी यात फरक असतो, आणि तो करणाऱ्याला आतून दिसत नाही.

आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड अशा पुड्या बांधायची एक पद्धत शिकवतात. मला ती मुळीच आवडत नाही. पहिलं गोड वाक्य वाचतानाच माणूस ‘पण’ची वाट बघायला लागतो. जे आवडलं ते जागा दाखवून लिही, म्हणजे ते खोटं वाटत नाही. ‘ग्राफिक्स भारी’ म्हणजे एकांकिका स्पर्धेतलं ‘आवाज कुणाचाऽऽ’. प्रेक्षागृह दणाणतं, पण तिसऱ्या प्रसंगात नट कुठे गडबडला ते कुणीच सांगत नाही. आणि मेनू नाही, सेटिंग नाही, शेवट घाईत झालाय, हे लिहू नकोस. रविवारी पहाटे चार वाजता तो भाग कापताना ज्याच्या जिवावर आलं होतं त्याला ते पक्कं माहीत असतं.

तुझ्या कॉमेंट्सपैकी एक मला सगळ्यात मोलाची वाटली आणि तू तिचा उल्लेखही केला नाहीस. एका फ्रेंच माणसाने लिहिलंय की चालायलाच त्रास होतो, बोटं वाकडी होतात. तू त्यावर हसण्याची इमोजी टाकलीस. अरे, त्यांच्या कीबोर्डवर डब्ल्यूच्या जागी झेड असतो आणि एच्या जागी क्यू. तू रखवालदाराला डब्ल्यू, ए, एस, डी या चारच बटणांवर चालवलंस. म्हणजे त्या बिचाऱ्याने तुझा गेम बोटांची फुगडी घालत खेळला, तरी शेवटच्या खोलीपर्यंत गेला. जोडीला बाणांची बटणं ठेवली असतीस तर काम भागलं असतं.

‘मोबाईलवर आणा’, ‘मल्टिप्लेयर करा’ हे खुशाल सोडून दे. ज्याला कोडी आवडतच नाहीत त्याने दोन तारे दिले तेही सोड. राहिलेल्या कॉमेंट्स वहीत उतरव, पण माणसाप्रमाणे नको, जागेप्रमाणे. दुसरी खोली, किती जण अडले. खडू, किती जणांना आपण होऊन सापडला. मतदान चालू असताना बहुतेक जॅममध्ये गेममध्ये नवं काही घालू देत नाहीत, त्यामुळे हात आपोआप बांधलेले असतात आणि नुसतं वाचायला वेळ मिळतो. सेलेस्टही २०१५ मध्ये चार दिवसांत केलेल्या चिमुकल्या गेमपासून सुरू झाला, हे तू मला दोनदा ऐकवलं आहेस. ऐकलं. पण तुझा रखवालदार तिथवर जावो न जावो, दुसरी खोली कशी मांडायची हे तुझ्या हाताला कळलं तर ते पुढच्या गेममध्ये येईल. मला सध्या त्याच्यातच रस आहे.

आता मी तुझा गेम खेळले त्याचं. तीन वेळा खेळले. पहिल्यांदा दुसऱ्या खोलीत सहा मिनिटं होते. घड्याळ मला शोभेचं वाटलं. ते भिंतीच्याच रंगाचं आहे आणि त्याची टिकटिक मला ऐकू आली नाही. खडू हाताला लागला तो तिसऱ्या फेरीत. आणि चौथ्या फेरीत माझीच जुनी खूण समोर भिंतीवर दिसली तेव्हा अंगावर काटा आला. ती खूण मी केली होती हे मी पार विसरले होते. त्यानंतर रात्री दीडपर्यंत खेळत बसले, म्हणून तर परवा फोनवर झोप येत होती.

शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन घरी ये. सासूबाई आता ७६ च्या आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नजर स्वच्छ झाली आहे, आणि ‘त्या पोराचा रखवालदार कधी आणणार’ म्हणून दोनदा विचारून झालंय. त्या खेळतील, मी शेजारी बसून लिहीन. तू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून चहा करायचा. दार लोटून घे. त्यांना साखर अर्धा चमचा लागते.

तुझी,
ताई