मामांची फिर्याद पुरणार नाही

ताई, डेटा एन्ट्रीच्या नोकरीसाठी म्हणून बँकॉकला नेलेल्या तुमच्या मुलाला विमानतळावरून थेट गाडीने थायलंडच्या सीमेवरच्या माए सोटला नेलं, रात्री मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीत सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 549 भारतीय परत आणले, त्यांत तो होता. अशी पत्रं मला अजून येतात. तुमचा प्रश्न एवढाच, की एजंटावर गुन्हा नोंदला तरी ‘दिल्लीहून मंजुरी येईपर्यंत थांबा’ असं ठाण्यात का सांगतात.

ही मंजुरी म्हणजे खटला भरण्याआधी लागणारी केंद्र सरकारची परवानगी, परदेशी नोकरभरतीच्या कायद्यातली, एमिग्रेशन अ‍ॅक्ट, 1983 च्या कलम 27 ची. त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, मात्र कोणी वाचलेलं दिसत नाही. नोकरीसाठी गेलेल्याने स्वतः, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण वा कायदेशीर पालक यांनी तक्रार केली, तर मंजुरी लागतच नाही. या यादीत मामा नाही. आणि तुम्ही फिर्याद द्यायला लावली मामांना, कारण ठाण्यात त्यांची ओळख! मुलगा घरात असताना?

आता मुलानेच स्वतःच्या सहीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी. ठाण्यात पुरवणी जबाब देऊन भागेल की नाही, या वादात आपल्या कोर्टांत वर्षं जातात. नोंदणीशिवाय भरती करण्याला शिक्षा दोन वर्षांपर्यंतच, म्हणून कोर्टाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षं. जोडीला फसवणुकीचं कलम टिकलं तर ती आड येऊ नये. पण त्या भरवशावर राहू नका.

मानवी तस्करीच्या कलमात, भारतीय न्याय संहितेच्या 143 मध्ये, पीडिताची संमती गौण आहे. मात्र पुढे काय होणार हे एजंटाला ठाऊक होतं, हे दाखवावं लागेल. ते जमेलच असं आज सांगता येत नाही. पावतीशिवाय रोख दिलेल्या दोन लाखांचीही आशा लावत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाची नोंदणी पाहायला पाच मिनिटं लागली असती.

एजंट म्हणेल, पोरगा फिरायला गेला होता. ‘विमानतळावर नोकरीचं नाव काढू नको, फिरायला आलोय सांग’ हा त्याचाच व्हॉइस मेसेज म्हणून लाखमोलाचा. डिस्प्ले फुटलाय म्हणून तो मेसेज असलेला मोबाइल दुरुस्तीला टाकू नका, रीसेट तर मुळीच करू नका. तसाच वकिलाकडे न्या, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र तक्रारीसोबतच जोडायला सांगा.