क्रोकी म्हणजे कच्चा आराखडा का?

एका भाषांतरकाराने विचारलं आहे : १९४७च्या सुमाराच्या पॅरिसमधल्या फॅशनचित्रांवरच्या लेखात चित्रकार रने ग्रुओच्या चित्रांना 'क्रोक्विस' म्हटलंय. 'कच्चा आराखडा' लिहू का?

शब्द फ्रेंच आहे, म्हणून आधी उच्चार. तो 'क्रोकी'. शेवटचा 'स' नुसता लिहायचा, उच्चारायचा नाही. तो अनेकवचनाचाही नव्हे. एक क्रोकी, दहा क्रोकी, स्पेलिंग तेच.

धातू 'क्रोके', म्हणजे कुरुमकुरुम चावणं. 'क्रोक' हा दाताखालचा आवाज, आपल्या 'कुरुम'चा मावसभाऊच. (कॅफेतलं 'क्रोक मस्यू' सँडविच याच घरातलं.) याच क्रियापदाचा दुसरा अर्थ भराभर रेखाटणं. त्यामुळे देखण्या मुलीला फ्रेंच माणूस 'जोली आ क्रोके' म्हणतो तेव्हा ती खाऊन टाकावीशी आहे की कागदावर उतरवावीशी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता आराखड्याकडे. फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओर नव्या कलेक्शनसाठी आधी ढीगभर छोटी चित्रं काढत असे. त्यांवरून शिवणाऱ्या बायका साध्या सुती कापडात नमुना उभा करायच्या. त्याला 'त्वाल' म्हणतात. आपल्याकडे मांजरपाट म्हणा. खरं रेशीम त्यानंतर. त्या पहिल्या चिटोऱ्यांना क्रोकी म्हणणं अगदी बरोबर, आणि तिथे मला 'आराखडा'पेक्षा 'बेत' आवडेल. शिंपी कापड बेततो, आणि मनातल्या योजनेलाही आपण बेतच म्हणतो.

ग्रुओची गोष्ट उलटी. त्याच्यासमोर कपडा तयार असायचा. खांद्यापासून कमरेपर्यंत काळ्या शाईचा एक जाड फटकारा, ओठांपुरता लाल रंग, बाकी कागद कोरा. 'मिस दिओर' अत्तराच्या जाहिरातीत तर त्याने बाईच काढली नाही. नुसता हंस, मानेत मोत्यांची माळ आणि काळा बो. हे काम पाहणाऱ्याला भुरळ घालण्यासाठी, शिंप्याला दाखवण्यासाठी नव्हे. त्याला कच्चा आराखडा म्हणणं म्हणजे लग्नाच्या फोटोला आमंत्रणपत्रिका म्हणणं. सरळ 'फॅशनचित्र' लिहा. लेखकाचा रोख ग्रुओच्या सरावाच्या कागदांवर असेल तरच 'रेखाटन'.

एक मात्र सांभाळा. आपल्याकडचे फॅशन डिझाइनचे विद्यार्थी 'क्रोकी' म्हणतात ती आधीच काढून ठेवलेली, नऊ डोक्यांएवढ्या उंचीची मानवाकृती, जिच्यावर मग कपडे चढवायचे. हा अर्थ इंग्रजीतून आलाय. कुणा विद्यार्थ्याकडून भाषांतर तपासून घेणार असाल तर तो हाच अर्थ सांगेल.