ही कमळी कोण होती?

पत्र थोडक्यात असं आहे:

"मावशी, माझी आजी गेल्या भाद्रपदात गेली. ९३ वर्षांची होती. पंचवटीतलं आमचं घर तिच्या शब्दावर चालायचं. वर्षश्राद्धाला काका तिच्यावर छोटी पुस्तिका छापणार आहेत आणि 'तुला लिहिता येतं' म्हणून काम माझ्या गळ्यात पडलंय. पण लिहायला बसले की शेवटची दोन वर्षंच दिसतात. हॉलमधली कॉट, डायपर, आणि मला 'कमळे, आठे ये वं' म्हणून हाका मारणारी आजी. काहीतरी बरळायची. एकदा रात्री दोन वाजता मी ओरडले, 'मी कमळी नाही, कितीदा सांगू!' तिने तोंड भिंतीकडे केलं. तेच डोळ्यांपुढून जात नाही. काका म्हणतात, देवमाणूस होती एवढंच लिही. आई म्हणते, लिही, पण मला काही विचारू नकोस. काय करू?
– नात, वय ३४, इंदिरानगर"

अगं, आधी त्या रात्रीचं. दिवसभर नोकरी करून रात्री दोनला उठणारं माणूस ओरडतं. दोन वर्षं उठत होतीस, त्यातली एक रात्र तू मला लिहून पाठवलीस. सकाळपर्यंत आजीच्या ते लक्षातही राहिलं नसेल. तुझ्या राहिलं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी एका नावाशी अडकले. ही कमळी कोण? एवढ्या मोठ्या पत्रात तू हा प्रश्न कुठेच विचारलेला नाहीस. घरात तरी कुणी विचारला का? शेवटी तू ओझरतं लिहिलंस की आजीचं माहेर सटाण्याकडचं. बाई, मग ती बरळत नव्हती, अहिराणी बोलत होती! 'आठे' म्हणजे इथे. विस्मरणाच्या आजारात अलीकडचं आधी जातं आणि लहानपणीचं बराच काळ टिकतं. सत्तरेक वर्षं नाशकात राहून, सुना-नातवंडांना शुद्ध बोलायला लावून, ती शेवटी बागलाणातल्या स्वतःच्या अंगणात जाऊन बसली होती. आणि तिथल्या कुणा जवळच्या पोरीच्या नावाने तुला हाक मारत होती. बहीण असेल, मैत्रीण असेल, न जगलेली कुणी असेल. मला माहीत नाही. तुला शोधता येईल.

माहेरी भावजय, भाचे, कुणीतरी असेलच. फोनवर 'हो, चांगली होती आत्या' याच्यापलीकडे काही मिळत नाही. तेव्हा सकाळच्या एसटीने सटाणा गाठ. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडेही जाऊन बघ. गावाचं नाव आणि आडनाव सांगितलं की ते नामावळीची बही काढतात, कोण कधी आलं, बरोबर कोण होतं ते सापडतं. माझ्या आजोळची नोंद मी तशीच काढली होती. पणजोबांची झोकदार सही होती, आजीच्या नावाच्या जागी नुसतं 'कुटुंब'. तेव्हा कमळी तिथे सापडेलच असं नाही. आजीच्या बापाचा हात मात्र बघायला मिळेल, आणि ९३ वर्षांच्या बाईचा बाप कसा अक्षर काढायचा हे बघताना मला तरी गंमत वाटली असती.

तारखांच्या मागे फार लागू नकोस. आधार कार्डावर १ जून असेल तर सोडूनच दे, आपल्याकडे निम्मी म्हातारी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत, मास्तरांच्या कृपेने. नाशिकच्या बायका वर्षं अशी मोजायच्याच नाहीत. 'गंगेला', म्हणजे गोदावरीला, 'मोठा पूर आला तेव्हा तुझा काका रांगत होता' असं त्यांचं कॅलेंडर. म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न विचारत सुटायचं: ६९च्या पुरात आजी कुठे होती? पाणी कुठवर आलं, आधी काय वर चढवलं, पिठाचे डबे की देव? ७२च्या दुष्काळात मिलोच्या, त्या रेशनवरच्या लाल ज्वारीच्या, भाकरी कशा थापायची? ८०च्या सिंहस्थात घरात किती माणसं उतरली? 'आजी कशी होती' असं विचारलंस की सगळे 'प्रेमळ' म्हणतात आणि गप्प होतात. पुराचं विचारलंस की काका हातवारे करून सांगतील, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला होतं की छातीला, यावर भांडतीलसुद्धा. भांडू दे, आणि दोन्ही बाजू लिहून घे.

आता आई. माझ्या मते तुझ्या पुस्तिकेतला निम्मा जीव तिच्याकडे आहे, आणि म्हणूनच ती नको म्हणतेय. ज्या घरात एकीच्या शब्दावर सगळं चालतं, तिथे दुसरीला तीसेक वर्षं गप्प बसावं लागलेलं असतं. तू ३४ची म्हणजे ९१च्या सिंहस्थाच्या आसपासची. पंचवटीतलं घर, पर्वणीला नातेवाइकांची रीघ, आणि तू पोटात किंवा मांडीवर. त्या महिन्यांत रोज किती पोळ्या लाटल्या हे तुझ्या आईला कुणी विचारलंय? समोर वही घेऊन बसू नकोस. ती भाजी निवडत असेल तेव्हा शेजारी बस आणि वस्तूंचं विचार. स्टोव्ह कधी गेला, गॅस आल्यावर पहिल्यांदा कुणी पेटवला, बुधवारच्या बाजाराचे पैसे कुणाच्या हातात असायचे. ती बोलली आणि म्हणाली 'हे छापू नकोस', तर छापायचं नाही. इथे हुशारी करू नकोस, तुला तिच्याबरोबर अजून राहायचंय.

काकांचं 'देवमाणूस' पहिल्या पानावर जाऊ दे, पैसे ते देतायत. आतली पानं तुझी. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, तू ती सहज टाकलीयस: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजी मांडे करायची, ऐंशी उलटल्यावरही, आणि कोपरापासून मनगटापर्यंत तिच्या हातांवर भाजल्याचे डाग होते. तिथून सुरू कर. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरायचा, पालथ्या खापरावर टाकायचा, आणि तेवढ्यात एखादा फाटला की ती काय म्हणायची? शिवी असेल तर शिवी लिही. अहिराणीत असेल तर अहिराणीतच.

कॉट आणि डायपर पुस्तिकेत नकोत, ते तुम्हा चौघांपुरतं राहू दे. कमळीच्या हाकेला मात्र जागा ठेव, ती कोण हे कळलं तरी आणि नाही कळलं तरी.

आणि हो, मांड्यांचं प्रमाण आईकडून नीट उतरवून घे आणि मला पाठव. 'अंदाजाने' असं लिहिलंस तर परत पाठवीन.